मान शेवटी

"साहेब, मान आधी घेऊ का शेवटी?"

केरबामामांनी आतून विचारलं तेव्हा मी शवागाराच्या दारात, उंबऱ्याच्या अलीकडे, नाकाला रुमाल लावून उभा होतो. रुमालावर निलगिरीचं तेल शिंपडलेलं. हातात पॅड, त्यावर शवविच्छेदनाचा छापील फॉर्म. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि ओपीडीत ऐंशी पेशंट माझ्या नावाने खडे फोडत होते.

"आधी घ्या मामा," मी म्हणालो. "गळ्याचीच तर केस आहे. उगाच वेळ कशाला घालवायचा?"

"आधीचे साहेब शेवटी घ्यायला लावायचे."

"का?"

"ते न्हाई सांगितलं त्यांनी. म्हून तर तुम्हाला इचारायलो."

"त्याला काही कारण नसतं. एकेकाची सवय असते. घ्या तुम्ही."

आतून ट्रेमधून सुरी उचलल्याचा आवाज आला.

आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात ही रीतच होती. डॉक्टर दारात, सफाई कामगार आत. कापायचं त्याने, लिहायचं डॉक्टरने. तो आतून ओरडून सांगणार, 'काळीज बरोबर हाय', 'पोटात अर्धं जेवान', आणि डॉक्टर त्याचं इंग्रजी करणार. खाली सही डॉक्टरची. कागदावर मात्र 'मी स्वतः तपासले' असंच छापलेलं असे. आसपासच्या तालुक्यांतही असंच चालतं असं सगळे म्हणायचे, त्यामुळे कोणाला काही वाटत नव्हतं. मला तर नाहीच. मी चोवीस वर्षांचा होतो, एमबीबीएसला पहिल्या दहात आलो होतो आणि शासनाचं बंधन म्हणून त्या गावात दोन वर्षं काढायला आलो होतो. पुढच्या प्रवेश परीक्षेचं गाइड तेवढं उशाशी होतं. बाकीची पुस्तकं ट्रंकेत टाकून वर अंथरुणाची वळकटी ठेवली होती. शिकायचं ते शिकून झालं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

केरबा सोनकांबळे तेव्हा अठ्ठेचाळीसचे असतील. सातवी पास. सगळा स्टाफ त्यांना मामा म्हणायचा. माझ्या आधीचे एक डॉक्टर बदली होऊन जाताना न्यायवैद्यकाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक कपाटात टाकून गेले होते. कव्हर गेलेलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. मामांनी ते अधीक्षकांना विचारून घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. रोज एक पान. जास्त नाही, कमी नाही. दुपारी दोन वाजता जिन्याखालच्या बाकावर बसायचं, एका बाजूला शाळकरी पोरांची इंग्रजी-मराठी डिक्शनरी, दुसऱ्या बाजूला दोनशे पानी वही. वहीत पट्टीने तीन रकाने आखलेले: 'पाहिलं', 'वाचलं' आणि 'कळलं नाही'. रविवारी सुट्टी असली तरी माणूस अर्ध्या तासासाठी यायचा, पान संपवायचा आणि जायचा. तिसऱ्या रकान्यात जे साठेल ते एकेक करून डॉक्टरला विचारायचा, तेही रोज एकच. "साहेब, आजचं इचारू का?" अशी त्याची सुरुवात असे.

मला याची गंमत वाटायची, कधी वैताग यायचा. एकदा मी म्हणालो, "मामा, या हिशोबाने तुम्ही रिटायर होईपर्यंत डॉक्टर व्हाल बरं का!"

ते हसले नाहीत. "डाक्टर न्हाई व्हायचं साहेब. वीस वर्सं झाली मानसं कापायलोय. काय कापायलोय ते कळावं, एवढंच."

मी उत्तरं द्यायचो. येत असलं तर यायचं म्हणून, येत नसलं तर ठोकून. मला ठाऊक नाही हे एका सफाई कामगाराला सांगायचं, हे माझ्याच्याने होत नव्हतं. ते मात्र माझं प्रत्येक उत्तर वहीत उतरवून घेत आणि पुढे कंसात 'बिडकर साहेब' लिहीत.

तर त्या दिवशी आत टेबलावर होता देविदास ताटे. बसस्टँडपाशी त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वय पस्तीस. दोन वर्षांपासून पोटाच्या दुखण्याने हैराण, आमच्याच ओपीडीत यायचा. त्याची बायको मथुरा सकाळी शेजाऱ्यांना म्हणाली की पोटात कळ येऊन गेला. तिरडी बांधायला घेतली तेव्हा कोणाला तरी गळ्यावरचा वळ दिसला आणि पोलीस आले. मग तिने जबानी फिरवली. म्हणाली, त्याने फास घेतला, खिडकीच्या गजाला दोरी बांधून, बसल्या बसल्या. मीच सोडवला. दोरी कुठे आहे विचारलं तर म्हणाली चुलीत घातली. आमच्याकडे फासाची दोरी घरात ठेवत नाहीत, अपशकुन मानतात. आणि घरात फास झाला हे पोरीच्या लग्नाला आडवं येईल म्हणून ती आधी पोटदुखी म्हणाली. हे सगळं ती सांगत होती, पण एकदा फिरलेल्या जबानीवर कोण विश्वास ठेवतो?

"साहेब," आतून मामांचा आवाज आला, "मानंत रगात साकळलंय. लई. सगळ्या मासात उतरलंय."

मी रुमाल घट्ट धरला आणि त्या नोकरीत पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत गेलो. दोन हातांवरून पाहिलं. खरंच रक्त होतं, चांगलं दाट. बाहेरचा वळही बऱ्यापैकी आडवा होता. फासाचा वळ कानाकडे तिरपा चढतो, आवळल्याचा आडवा राहतो, एवढं मला पाठ होतं. आणि बसून कोणी फास घेतं का? माझ्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा होता, हे आज लपवून काय उपयोग? मी फॉर्मवर लिहिलं: दोरीने गळा आवळल्यामुळे मृत्यू.

"लिहिलंव का साहेब?" मामांनी विचारलं.

"लिहिलं. खून आहे मामा."

ते हातातली सुरी तशीच धरून देविदासच्या तोंडाकडे बघत राहिले. "ह्याची बायको बाहेर हाय," म्हणाले.

दुपारपर्यंत मथुराला पोलिसांनी नेलं. सहा वर्षांची पोर मथुराच्या भावाच्या कडेवर. जिल्ह्याच्या पेपरात चार ओळी आल्या, 'तरुण डॉक्टरच्या चाणाक्षपणामुळे खुनाला वाचा फुटली'. फौजदारांनी चौकात सगळ्यांदेखत पाठ थोपटली. मी त्या पेपरच्या तीन प्रती घेतल्या आणि एक वडिलांना पोस्टाने पाठवली. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ते काय, हे मला तेव्हा कोणी दाखवायला हवं होतं.

आठ महिने गेले. मथुराला जामीन मिळाला नाही. धावपळ करणारं माहेरी कोणी नव्हतं, एक भाऊ होता तो दुसऱ्याच्या शेतात सालाने राबणारा. मी केस विसरून गेलो होतो.

एका दुपारी शेवटचा पेशंट गेला आणि मामा ओपीडीत आले. नेहमी ते दाराशी उभं राहून विचारायचे. त्या दिवशी आत आले, टेबलावर ते पुस्तक ठेवलं, आत खुणेला सुतळीचा तुकडा.

"साहेब, आज न्हाई इचारायचं. आज दावायचंय."

"काय?"

"काल गळ्याचा धडा लागला. कालचं आन् आजचं, दोन्ही पानं मी चार चार बार वाचलीत. माझं इंग्रजी कच्चं, म्हून तुम्ही एकदा बगा." त्यांनी वही उघडली आणि स्वतः केलेलं मराठी मला वाचून दाखवलं, बोट ओळीखाली फिरवत. "गळ्याच्या केसमधी आधी डोस्कं उघडावं. मग छाती. मेंदू आन् काळीज काढून घ्यावं, वरचं खालचं रगात निथळू द्यावं. मान शेवटी. मान आधी उघडली तर नसा कापल्या जातात आन् रगात मासात उतरतं. ते बघनाऱ्याला मार लागल्यावानी दिसतं. पन ते सुरीनं झालेलं असतं, जितेपनी न्हाई."

त्यांनी वर पाहिलं.

"ते झालं कालचं पान. आजच्या पानात असं हाय की मानूस बसून, गुडघ्यावर, निजून बी फास घिऊ शकतो. सगळं वजन लागत न्हाई. आन् दोरी खाली बांधली तर वळ आडवा दिसतो. फोटू बी हाय." त्यांनी पान माझ्याकडे वळवलं. एक माणूस दाराच्या कडीला बांधून जमिनीवर टेकलेला, जसा काही विसाव्याला बसलाय.

माझ्या तोंडातून निघालं, "मामा, हे पुस्तक फार जुनं आहे. शास्त्र आता पुष्कळ पुढे गेलंय."

मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही. एखादा शब्द डिक्शनरीत सापडला नाही की ते पानाकडे बघायचे, तसं.

"पुढं गेलं म्हंजी आता रगात निथळत न्हाई का साहेब?"

मी 'बघतो' म्हणालो. ते पुस्तक फडक्यात बांधून गेले.

खोलीवर जाऊन मी वळकटी बाजूला केली आणि ट्रंक उघडली. माझं स्वतःचं पुस्तक नवं होतं, त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी नवं. तोच धडा काढला. तेच लिहिलं होतं. त्या ओळींखाली लाल पेनाने रेघ मारलेली होती, आणि समासात माझ्याच अक्षरात 'महत्त्वाचे, दोनदा विचारले' असं लिहिलेलं होतं. वार्षिक परीक्षेत मी तो प्रश्न सोडवला होता, चांगले गुणही मिळवले होते, आणि पेपर देऊन आलो त्या दिवशीच विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी आमचे अधीक्षक डॉ. मुंडलिक यांच्याकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, केबिनचं दार लावलं.

"साक्ष कधी आहे?"

"तीन आठवड्यांनी."

"आणि तुझी प्रवेशाची यादी?"

"पुढच्या महिन्यात. नंबर लागेल सर, नक्की."

"मग नीट ऐक. तू कोर्टात म्हणालास की मान आधी उघडल्यामुळे चूक झाली, तर वकिलाचा पुढचा प्रश्न काय असेल? मान कोणी उघडली? तू म्हणणार केरबाने. मग केरबा येईल. मग मी येईन. मग आजवर या रुग्णालयातून गेलेले सगळे रिपोर्ट येतील. किती लोक तुझ्या एका केसपायी सुटतील याचा विचार केलायस? त्यातले खरे खुनी किती?"

"पण सर, ती बाई..."

"तिने दोरी जाळली. जबानी फिरवली. फक्त तुझ्या रिपोर्टवर ती आत नाहीये." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "बाळ, पुराव्यांचं काय करायचं ते कोर्ट बघेल. तुला विचारतील तेवढंच सांग."

मला हेच ऐकायचं होतं. ऐकायचं असतं तेच सांगणारा माणूस आपण बरोबर शोधून काढतो.

कोर्टात गर्दी नव्हती. मथुरा पिंजऱ्यात उभी होती, आठ महिन्यांत निम्मी झालेली. सरकारी वकिलाने विचारलं, "शवविच्छेदन आपण स्वतः केलंत?" मी म्हणालो, "हो." रिपोर्ट वाचून दाखवला. बचावाला सरकारनेच दिलेला एक म्हातारा वकील होता. त्याने कागद चाळले आणि एकच कामाचा प्रश्न विचारला.

"डॉक्टर, माणूस बसलेल्या स्थितीत गळफास घेऊ शकतो का?"

पिंजऱ्यातून मथुरा माझ्याकडे बघत होती. गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगताना पेशंट जसं कान देऊन ऐकतात, तशी ऐकत होती.

"सहसा नाही," मी म्हणालो.

वकील खाली बसला. मथुराने मान खाली घातली. मला बाहेर येताना कोणीच अडवलं नाही.

रुग्णालयात मामा जिन्याखाली वाट बघत होते. "सांगितलंव का साहेब?"

"त्यांनी विचारलंच नाही, मामा."

"मग तुम्ही?"

"कोर्टात विचारल्याशिवाय बोलता येत नाही. तसा नियम असतो."

हे मी शेवटचं ठोकून दिलेलं उत्तर. मामांनी वही उघडली नाही, काही लिहिलं नाही. झाडू उचलला आणि वॉर्डाकडे गेले.

महिन्याने निकाल लागला. जन्मठेप. त्याच आठवड्यात माझा प्रवेशाच्या यादीत नंबर लागला. शल्यचिकित्सा, मला हवी होती तीच. स्टाफने पेढे मागितले, मी आणले. मामांनी पेढा घेतला, कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, जरा काम होतं. शुद्धलेखन तेवढं बगा."

फुलस्केपचा एक कागद होता. वर 'मे. कोर्टास सादर' असं लिहिलेलं. अक्षर टपोरं, प्रत्येक ओळ पट्टीखाली धरून काढल्यासारखी सरळ. मी अजूनही तो अर्ज शब्दाशब्दाने सांगू शकतो.

'मी केरबा लक्ष्मण सोनकांबळे, सफाई कामगार. मयत देविदास ताटे याची मान मी उघडली. ती शेवटी उघडायला पाहिजे होती. मी आधी उघडली. त्यामुळे रक्त उतरले. हे मला तेव्हा माहीत नव्हते, नंतर वाचल्यावर कळाले. चूक माझी आहे. बिडकर साहेब बाहेर लिहीत होते, त्यांना मी सांगितले तसे त्यांनी लिहिले. बाईचा दोष दिसत नाही. मला जी शिक्षा होईल ती मान्य आहे.'

"मामा," मी म्हणालो, "आधी घ्या असं मी सांगितलं होतं. ते यात नाही."

"न्हाई लिहिलं."

"का?"

"तुमचं पुढचं शिक्षान हाय. नंबर लागलाय."

"आणि तुमची नोकरी? हा कागद गेला की पहिली नोकरी तुमची जाईल. तुम्हाला कापायचा अधिकारच नाही."

"ते मला वीस वर्सांपास्नं ठावं हाय साहेब." त्यांनी कागदावरची घडी हाताने सारखी केली. "पन आता मला कळलंय. कळलं नव्हतं तवर गोष्ट येगळी. आता कळून बी गप बसलो, तर मग ती पानं कशाला वाचली म्हनायची? एवढंच बगा, 'कळाले' बरोबर हाय का 'कळले'?"

"दोन्ही चालतं," मी म्हणालो.

मी त्यांना म्हटलं, अर्ज माझ्याकडे राहू द्या, वकिलाला दाखवून देतो. त्यांनी दिला. त्या कागदाच्या जिवावर मी सुटत होतो, अगदी स्वच्छ. चार दिवस तो माझ्या खिशात होता. या चार दिवसांबद्दल मला कोणी विचारत नाही, पण मी मोजून चार दिवस तो कागद कोर्टात तसाच द्यायचा विचार केला. भाषेतली एकही चूक नव्हती त्यात, मला काही करायचंच नव्हतं. पाचव्या दिवशी एसटीने जिल्ह्याला गेलो, त्या म्हाताऱ्या वकिलाला शोधलं आणि माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. दारात उभा होतो, मान आधी उघडायला मी सांगितली, साक्षीत खोटं बोललो. वकील दोनदा वाचून म्हणाला, "हे आधी सुचलं असतं तर, डॉक्टर?" पाच दिवसांची गोष्ट नव्हती ती, साक्षीच्या आधीपासूनची होती.

अपिलाला वेळ लागला. मध्ये चौकशी समिती आली. तिने निष्कर्ष काढला की सफाई कामगाराने अनधिकृतपणे शवविच्छेदन केलं. मामांना आधी निलंबित केलं, मग कामावरून काढलं. ते पुस्तक 'रुग्णालयाची मालमत्ता' म्हणून जमा करून घेतलं. मला लेखी ताकीद मिळाली आणि त्या वर्षीचा प्रवेश गेला. पुढच्या वर्षी परत मिळाला. ज्याला कळलं त्याचं गेलं, ज्याला कळायला हवं होतं तो तगला. मामांना मी भेटायला गेलो तेव्हा ते घराच्या ओट्यावर नातवाची पाटी घेऊन बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "पाचशे सदतीसाव्या पानावर व्हतो साहेब. इषाचा धडा चालू झाला व्हता." एवढंच बोलले. मग मी माझं पुस्तक त्यांना द्यायला नेलं. त्यांनी ते घेतलं नाही.

मथुरा साडेतीन वर्षांनी वरच्या कोर्टातून निर्दोष सुटली.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मी तिच्या भावाच्या गावी गेलो. कशाला गेलो होतो कोण जाणे. माफी मागायला म्हणावं तर ती मागून मलाच हलकं वाटणार होतं. पत्र्याच्या खोलीपुढे ती तुरी पाखडत बसली होती. मला ओळखलं तशी सूप खाली ठेवून उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला. "डाक्टर साहेब," म्हणाली आणि घरातून तांब्याभर पाणी आणून दिलं. तिची पोर, दहा वर्षांची झाली असेल, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पुढे आली नाही.

मी सांगायचं ते सांगितलं. चूक माझी होती, कोर्टातही मी खोटं बोललो, तुमची काही चूक नव्हती. ती ऐकत राहिली, कोर्टात ऐकत होती तशीच.

"तुम्ही तवा सांगितलाव, बसून फास लागत न्हाई म्हून," ती म्हणाली. "मी तर डोळ्यानं बघितलेलं. मीच सोडविलेलं. पन मला वाटलं, माझं काय शिक्षान? एवढा शिकलेला मानूस कोर्टात उभा ऱ्हाऊन लबाड कशाला बोलंल? मंग मी इचार कराय लागले. तिथं जेलात दुसरं काय काम असतंय? त्याच्या वरडन्याचा मला राग यायचा, हे खरंच हाय. एकदा म्हनले बी होते, मर मेल्या. मंग वाटाय लागलं, माझेच हात गेले असतील त्याच्या गळ्याकडं. झोपंत गेले असतील. रागाच्या भरात गेले असतील आन् मला आठवत नसंल. डाक्टरला दिसलं ते मला दिसलं नसंल."

"बाई, तसं काही नव्हतं."

"दुसऱ्या वर्सी भावानं हिला भेटायला आनली. ही म्हनली, आई, शाळंतली पोरं म्हनतेत तू बापाला मारलीस. खरं हाय का? मी म्हनले, व्हय बाई, माझ्याच हातनं झालं असंल." तिने पोरीकडे बघितलं नाही. "आता सुटून आले. आता हिला सांगायले, न्हाई झालं गं माझ्या हातनं, कोर्टानं बी सांगितलंय. तर ही बोलत न्हाई. जवळ निजत न्हाई."

तांब्या तसाच हातात होता. मी पोरीकडे वळलो आणि म्हणालो, "तुझ्या आईने काही केलं नाही. माझं चुकलं होतं. मला तेव्हा नीट माहीत नव्हतं, मग मी पुस्तकात वाचलं, तेव्हा कळलं."

पोर माझ्याकडे बघत होती. मथुराच पुढे आली, माझ्या हातातून तांब्या घेतला आणि हळू आवाजात, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलं, "डाक्टर साहेब, तवा एक शिकला व्हताव, आता हे शिकलाव. उद्या तुम्ही पुस्तकात आनखी काही वाचलं, तर मला परत न्यायला पोलीस येतेल का?"